मुलांना वेरूळ कसे दाखवावे?



या व्याख्यानमालेत आजवर आपण तत्त्वज्ञानापासून अर्थकारणापर्यंत अनेक भारदस्त विषय ऐकले. त्या मानाने माझा आजचा विषय अगदी घरगुती आहे. लहान मुलांना घेऊन वेरूळला गेले तर त्यांना तेथे काय दाखवावे, किती दाखवावे आणि कसे दाखवावे, एवढाच तो आहे. विषय घरगुती असला तरी क्षुल्लक नाही, असे मला वाटते. देवळे, लेणी, मठ, दर्गे हा आपल्याला पूर्वजांकडून मिळालेला ठेवा आहे, असे आपण सभांतून नेहमी सांगतो. आता ठेवा म्हणजे काय? जो पुढच्याच्या हाती सुखरूप पडतो तो ठेवा. दगड सांभाळण्याचे काम पुराणवस्तू खाते करते, आणि ते त्याने करावेच. परंतु त्या दगडांविषयीची ओढ मुलाच्या मनात उतरवण्याचे काम कोणतेही खाते करू शकत नाही. ते काम सुट्टीच्या दिवशी मुलाचे बोट धरून चालणाऱ्या आईबापांचे आणि आजीआजोबांचे आहे. ते बिघडले, तर लेणी जागच्या जागी राहतात आणि त्यांचे वारस मात्र नाहीसे होतात.

हे मी अधिकाराने नव्हे, अनुभवाने बोलतो आहे. आणि माझा पहिला अनुभव फजितीचा आहे. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना मी त्याला वेरूळला नेले होते. मी शाळेत इतिहास शिकवीत असे. तेव्हा मुलाला इतिहासाचे बाळकडू पाजावे, ही उमेद. वेरूळची मुख्य लेणी चौतीस. ती सगळी एका दिवसात दाखवायची, असा मी निश्चय केला होता. वैशाखाचे दिवस, पायाखाली काळा कातळ तापलेला. प्रत्येक लेण्यासमोर माझे छोटेसे प्रवचन, आणि प्रवचनानंतर मुलाला दोन प्रश्न. एकविसाव्या लेण्याशी तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाबा, अजून किती राहिली?" मी म्हणालो, "तेरा." त्याने काही न बोलता रडायला सुरुवात केली. तरीही मी उरलेली तेरा दाखवलीच! परतताना एस. टी. मध्ये मी मोठ्या हौसेने विचारले, "काय काय लक्षात राहिले?" तो म्हणाला, "ऊन."

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. तो विसरला नव्हता. गेल्या वर्षी नातवंडांना वेरूळ दाखवावे असा बेत निघाला. नातू नऊ वर्षांचा, नात सहा वर्षांची. मुलाला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही जा सगळे. मला ते एकदा दाखवून झालंय." हे वाक्य मला फार लागले. मी वर्गातल्या शेकडो मुलांना राष्ट्रकूटांची वंशावळ पाठ करायला लावली, आणि घरच्या एकुलत्या एका मुलाला मात्र वेरूळचा कंटाळा वारसा म्हणून दिला. शेवटी सूनबाईंनी मध्यस्थी केली. गाडी चालवायला तरी कोणी हवे, या सबबीवर मुलगा आला. या दुसऱ्या सहलीत जे साधले आणि जे उमगले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट तयारीची. आपण तयारी म्हणजे डबा, पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या समजतो. त्या हव्यातच. पण मुलांच्या मनाची तयारी त्याहून महत्त्वाची. वेरूळच्या कैलास लेण्याविषयी पुस्तकात लिहिलेले असते की ते 'एकसंध खडकात वरून खाली कोरलेले' आहे. हे वाक्य नऊ वर्षांच्या मुलाला काहीही सांगत नाही. देऊळ म्हटले की दगडावर दगड रचायचे, आधी पाया आणि शेवटी कळस, हाच क्रम त्याने गल्लीतल्या बांधकामावर पाहिलेला असतो. म्हणून निघण्याच्या आदल्या रविवारी मी कपडे धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या आणल्या, वर्तमानपत्र पसरले, आणि एक बोथट सुरी व चमचा नातवाच्या हाती दिला. सांगितले, "ही वडी म्हणजे डोंगर. यातून एक देऊळ आणि एक हत्ती काढ. अट एकच, बाहेरून काही चिकटवायचे नाही."

पहिल्यांदा त्याने वडी समोरून पोखरायला घेतली. गुहा झाली, देऊळ होईना. मग मी त्याला वरून तीन चर पाडायला सांगितले, दोन बाजूंना दोन आणि पाठीमागे एक. मध्ये साबणाचा एक सुटा ठोकळा उभा राहिला. समोरची बाजू तशीच ठेवली, ती झाली वेशीची भिंत. मग त्या ठोकळ्याला वरून शिखर, त्याखाली छप्पर, त्याखाली खांब, असे उतरत उतरत जायचे. कैलासाच्या कारागिरांनी केले ते हेच. वरून उतरत गेल्यामुळे शिखरासाठी उंच पराती बांधाव्या लागल्या नाहीत. अजून न फोडलेला खडक हाच त्यांचा माचा. हे सगळे अर्ध्या तासात नातवाच्या ध्यानात आले. पण खरा धडा शेवटी मिळाला. हत्तीची सोंड कोरताना ती मोडली. त्याने ती पाण्याने चिकटवून पाहिली, टूथपिक टोचून पाहिली. मग रडवेला होऊन म्हणाला, "आजोबा, ही परत जोडता येत नाही." मी म्हणालो, "त्यांनाही येत नव्हती." यापेक्षा एक शब्दही अधिक बोललो नाही. जुन्या चुकीतून एवढे तरी शिकलो होतो.

दुसरी गोष्ट निवडीची. वेरूळची लेणी एका लांबलचक डोंगरकड्यात सुमारे दोन किलोमीटर पसरलेली आहेत. दक्षिणेकडून मोजत गेले तर १ ते १२ ही बौद्ध लेणी, १३ ते २९ ही हिंदू, आणि उत्तरेच्या टोकाला ३० ते ३४ ही जैन लेणी. मोठ्या माणसाने सगळी अवश्य पाहावीत. लहान मुलांना मात्र चारच दाखवावीत, आणि त्या चारांना दोन दिवस द्यावेत. आम्ही निवडली ती अशी: पाचवे, दहावे, सोळावे आणि बत्तिसावे. शिवाय गावातले घृष्णेश्वराचे मंदिर. वेळेचेही भान ठेवावे. ही लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून उजेड आत शिरतो तो दुपारनंतर. मंगळवारी लेणी बंद असतात, हे विसरून आलेली कुटुंबे दारातून परत जाताना मी पाहिली आहेत. ऋतू म्हणाल तर पावसाळ्याच्या अखेरीपासून माघापर्यंतचा. श्रावण-भाद्रपदात एकोणतिसाव्या लेण्याजवळ धबधबा कोसळतो. त्या लेण्याला लोक 'सीतेची न्हाणी' म्हणतात. मुलांना ते नावही आवडते आणि तो धबधबाही. मात्र तेथे शेवाळ असते, हात सोडू नये.

आम्ही सकाळी प्रथम घृष्णेश्वराला गेलो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. आज उभे असलेले तांबूस दगडाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांच्या काळातले, म्हणजे अठराव्या शतकातले. गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी अंगातला सदरा काढायचा, हा तेथला रिवाज. नातवाला याची फार गंमत वाटली. बापाला आणि आजोबाला उघड्या अंगाने रांगेत उभे पाहण्याची संधी वारंवार येत नाही. याच वेरूळ गावी भोसल्यांचे घराणे नांदत होते, मालोजीराजांचा जीर्णोद्धाराशी संबंध सांगितला जातो, हे कळल्यावर त्याचे डोळे चमकले. कारण चौथीच्या पुस्तकातल्या शिवरायांचे आजोबा अचानक खऱ्याखुऱ्या गावचे झाले. आजीने बेलाची पाने वाहिली, मुलांनी पिंडीला हात लावला, कपाळी गंध लागले. मुलांना धर्म प्रथम कळतो तो असा: ओल्या फरशीचा गारवा, बेलाचा वास, घंटेपर्यंत न पोचणारा हात आणि उचलून घेणारा बाप. तो अनुभव लेण्यांच्या आधी मिळाला, हे बरे झाले. का, ते पुढे सांगतो.

तेथून आम्ही पाचव्या लेण्यात गेलो. शंभर फुटांहून लांब असा हा सभामंडप आहे आणि त्याच्या मधोमध दोन सरळ, बुटके, दगडी बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले आहेत. नातीने पाहताच निकाल दिला, "ही जेवायची जागा!" नातू म्हणाला, "शाळा!" आता गंमत पाहा. अभ्यासकांचेही साधारण असेच दोन तट आहेत. कोणी म्हणतात भिक्षूंची भोजनशाळा, कोणी म्हणतात एकत्र बसून पठण करण्याची जागा. मी दोघांनाही बरोबर ठरवले. तीस वर्षांपूर्वी मी प्रथम उत्तर सांगून मग प्रश्न विचारला असता. मुलाच्या अंदाजाला मान दिला की तो अंदाज पडताळून पाहायला ते आपल्या पायांनी चालू लागते. त्या दोघांनी बाकांवर काल्पनिक पाने मांडली आणि किती भिक्षू बसतील, ते मोजत लेण्याच्या टोकापर्यंत गेली.

दहावे लेणे म्हणजे विश्वकर्मा. लोक त्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात. वेरूळमधले हे एकच चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनामंदिर. स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती आहे. वर पाहिले तर कमानदार छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या. पण त्या दगडाच्या. दगडाला वाशांची गरज काय? याचे उत्तर असे की पूर्वीची प्रार्थनागृहे लाकडाची असत, आणि लेणी कोरू लागल्यावरही डोळ्यांना सवयीचे ते रूप कारागिरांनी सोडले नाही. आपल्या कार्ल्याच्या चैत्यात तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खऱ्या लाकडी फासळ्या अजून छताला आहेत. वेरूळला येईपर्यंत लाकूड गेले, त्याची आठवण दगडात राहिली. सुताराची झोपडी हे लोकांनी दिलेले नाव किती नेमके आहे!

याच लेण्यात दुसरी एक गोष्ट मुलांना दाखवावी, आणि ती कानांनी दाखवावी. आत गर्दी नसेल तेव्हा ओठ मिटून हळूच एक सूर धरायचा. तो सूर छताच्या कमानीत फिरतो आणि भरून परत येतो. नातवाने ओरडून पाहण्याचा बेत केला होता. पण तो सूर ऐकल्यावर तो आपणहून हळू बोलू लागला. 'शांत राहा' ही पाटी जे काम करीत नाही ते त्या छताने केले.

तेथे नातीने विचारले, "आजोबा, हा आपला देव आहे का?" असे प्रश्न मुले मोठ्याने विचारतात आणि आजूबाजूची चार माणसे वळून पाहतात. मी म्हणालो, "हे गौतम बुद्ध. पुष्कळ माणसांचे हे गुरू आहेत. आपण त्यांच्या घरी आलो आहोत." तिने चपला आधीच बाहेर काढल्या होत्या, आता डोक्यावरची टोपीही काढली. पाहुण्यासारखे वागावे, हे सहा वर्षांच्या मुलीला सांगावे लागत नाही. ते मोठ्यांनाच सांगावे लागते. वेरूळचा खरा संस्कार, माझ्या मते, हाच आहे. साधारण सहाव्या शतकापासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत या एका कड्यावर तीन धर्मांच्या लोकांनी छिन्नी चालवली. एकाचे काम पूर्ण आटोपले आणि मग दुसऱ्याने हात घातला, असे नाही. त्यांचे काळ एकमेकांत मिसळलेले आहेत. एकाच्या टाकीचा आवाज दुसऱ्याच्या कानी पडत होता. त्यांच्यात वाद होत नसतील असे मी म्हणणार नाही. पण शेजार टिकला, आणि त्या शेजाराची साक्ष एका सकाळच्या चालण्याइतक्या अंतरात मुलांना पायांनी मोजता येते.

दुपारी आम्ही विसावलो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि झाडाखाली तासभर झोप. ही झोप कार्यक्रमातला अत्यंत आवश्यक भाग समजावा. माझ्या पहिल्या सहलीत ती नव्हती. उन्हे कलल्यावर सोळाव्या लेण्याकडे, म्हणजे कैलासाकडे निघालो. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर समोर कमळांच्या तळ्यात बसलेली आणि हत्तींकडून न्हाऊ घातली जाणारी गजलक्ष्मी दिसते. तेथून वळून अंगणात आले की माणूस बोलायचा थांबतो. नातवाने वर पाहिले, मागच्या कड्याकडे पाहिले, पुन्हा शिखराकडे पाहिले, आणि म्हणाला, "साबण!" जवळ उभ्या असलेल्या एका गृहस्थांना हा पोरगा काय बोलतो ते कळेना. पण मला वाटते, त्या क्षणी त्या अंगणात कैलास सर्वांत नीट कोणाला कळला असेल तर त्यालाच.

थोडी माहिती आपल्यासाठी. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, या लेण्याचे मुख्य काम झाले असे मानतात. अंगण सुमारे पावणेतीनशे फूट लांब आणि दीडशे फूट रुंद. मागचा कडा शंभर फुटांहून उंच. खडक आपल्या सह्याद्रीचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांतून झालेला काळा पाषाण. येथून फोडून बाहेर काढलेला दगड दीड-दोन लाख टन असावा, असा अंदाज केला जातो. मुलांना हे आकडे सांगू नयेत. त्यांना सांगावी ती गोष्ट.

आणि गोष्ट आपल्या मराठीतच आहे. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू' या जुन्या ग्रंथात ती येते. एका राजाला व्याधी जडली. राणीने घृष्णेश्वराला नवस केला, की राजा बरा झाला तर शंकराचे देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता पंचाईत! देऊळ बांधायला वर्षे लागणार. तोवर राणी उपाशी कशी राहणार? सगळ्या कारागिरांनी हात टेकले. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी पुढे आला. तो म्हणाला, मी कळसच आधी करतो. त्याने डोंगराच्या माथ्यावरून काम सुरू केले, थोड्याच दिवसांत कळस दिसला आणि राणीने उपास सोडला. हा इतिहास नव्हे, ही कथा आहे, हे मी नातवाला सांगितले. तो म्हणाला, "पण हुशार होता!" मग मी त्याला खऱ्या पुराव्याचीही एक गंमत सांगितली. इ. स. ८१२-१३ च्या सुमाराचा, गुजरातेतील राष्ट्रकूट शाखेच्या कर्कराजाचा एक ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात एलापूरच्या डोंगरावरील अद्भुत मंदिराचे वर्णन आहे. आकाशातून जाणारे देवही ते पाहून चकित होतात, आणि ज्याने ते घडवले त्या शिल्पकारालाही, हे आपल्या हातून कसे झाले, याचे नवल वाटते, असा त्याचा आशय. अभ्यासक हे वर्णन सामान्यतः कैलासाचे मानतात. स्वतःच्या कामाकडे पाहून स्वतःच थक्क होणारा माणूस! मुलांना असा माणूस लगेच समजतो. चांगले चित्र जमले की तीही अशीच पाहत राहतात.

कैलासात मुलांना मोकळे सोडावे, आपण मागे राहावे. मंदिराच्या जोत्याला हत्तींची रांग आहे; जणू तेच मंदिर पाठीवर तोलून धरतात. नात त्या हत्तींना एकेक करून भेटत गेली. दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतो आहे ते थोर शिल्प आहे. खाली रावण आपल्या अनेक हातांनी डोंगराला भिडलेला, वर पार्वती घाबरून शंकराचा हात धरते, दासी पळत सुटते, आणि शंकर मात्र शांतपणे पायाने डोंगर दाबतो. मुलांना यातले नाट्य सांगावे लागत नाही. ती विचारतात ते एवढेच, "मग रावणाचं काय झालं?" मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर एका बाजूस रामायण आणि दुसऱ्या बाजूस महाभारत पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेले आहे, चित्रकथेच्या पुस्तकासारखे. सेतू बांधणारी माकडे शोधून काढा म्हणून मी पैज लावली. माझ्याआधी मुलांना सापडली.

आणि मग जो प्रश्न येणार हे मला ठाऊक होते, तो आला. अंगणातल्या मोकळ्या उभ्या हत्तीजवळ नात थबकली. "याची सोंड कुणी तोडली?" श्रोतेहो, अशा प्रश्नावर आपण मोठी माणसे दोन प्रकारे चुकतो. एक तर 'अशीच तुटली' म्हणून विषय उडवून लावतो. नाही तर कोणाचा तरी राग मुलाच्या मनात भरून देतो. मी तिला सांगितले, "या हत्तीची कोणी आणि कधी, ते मी सांगू शकत नाही. काही मूर्ती माणसांनी रागाने फोडल्या, काही ऊनपावसाने झिजल्या, आणि काही माणसांनी नुसत्या गमतीने खराब केल्या." नातू तोवर एका खांबाजवळ गेला होता. तेथे कोणी दोन नावे खरवडली होती, भोवती बदामाची आकृती. त्याने मोठ्याने वाचून विचारले, "हीपण राष्ट्रकूटांची आहेत का?" आम्ही हसलो. तो हसला नाही. खांबावर हात फिरवून म्हणाला, "म्हणजे हे आता भरून निघणार नाही. सोंडेसारखं."

स्मारक विद्रूप करणाऱ्याला १९५८ चा कायदा आहे. २०१० मध्ये केलेल्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. कायदा असावाच. पण मला सांगा, ज्या मुलाने एकदा साबणाची सोंड मोडून रडून घेतले आहे, तो मोठेपणी खिशातून किल्ली काढून खांबावर नाव कोरील काय? पहारेकरी किती ठेवणार आपण? चौतीस लेण्यांना चौतीसशे ठेवले तरी पुरणार नाहीत. पहारेकरी मुलाच्या आतच बसवावा लागतो, आणि तो बसवण्याचे वय सहा ते दहा.

कैलासातून बाहेर पडताना नातीने आणखी एक शंका काढली. "सकाळच्या देवळात देवाला आंघोळ घालतात, बेल वाहतात. इथे एवढं मोठं देऊळ, मग इथे का नाही?" घृष्णेश्वर आधी दाखवले ते बरे झाले असे मी म्हणालो, ते यासाठी. दोन्ही देवळे शंकराची, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. एकात पूजा अखंड चालू, दुसऱ्यात ती थांबलेली. मी म्हणालो, "तिथे देवाची सेवा करायची ती फुलांनी. इथे सेवा करायची ती जपून वागून. हात न लावता पाहणे, कागद न टाकणे, हीच इथली पूजा." आजीला हे उत्तर पूर्ण पटले नाही. तिने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केलाच. तिचेही बरोबर होते. वारसा म्हणून पाहणे आणि देव म्हणून नमणे यांत भांडण लावण्याचे काही कारण नाही. मुलांना दोन्ही दिसू द्यावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर टोकाच्या बत्तिसाव्या लेण्यात गेलो. त्याला 'इंद्रसभा' म्हणतात. हे जैन लेणे. अंगणात अखंड दगडाचा हत्ती आणि मानस्तंभ, वरच्या मजल्यावर छताला कोरलेले मोठे कमळ, आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका. कोरीवकाम इतके नाजूक की दगड विसरावा. तेथे एका उभ्या मूर्तीपाशी नातीने विचारले, "याच्या पायांवर वेली का चढल्यात?" मी तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला, "तो बाहुबली. तपाला उभा राहिला तो इतका वेळ हललाच नाही, की वेलींना वाटलं हे झाडच आहे." बोलणारा माझा मुलगा होता. दोन दिवस गाडी, पाण्याच्या बाटल्या आणि तिकिटे यांपलीकडे त्याने कशात लक्ष घातले नव्हते.

मी विचारले, "हे तुला कुठून ठाऊक?" तो म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं. रडून झाल्यावर मला खांद्यावर घेतलं होतंत, तेव्हा."

मला ते आठवत नव्हते. चौतीस लेण्यांवरची माझी चौतीस प्रवचने त्याच्यातून धुऊन गेली होती. उरले होते ते खांद्यावर बसून ऐकलेले एक वाक्य. नातवाने लगेच मूर्तीसमोर न हलता उभे राहण्याची शर्यत लावली. दोन मिनिटांच्या आत त्याला नाकाला खाज सुटली. त्याचा बापही शेजारी उभा राहिला होता. तो बराच वेळ उभा राहिला.

श्रोतेहो, समारोप थोडक्यात करतो. वेरूळ हे उदाहरण झाले. आपण आळंदीला जाल, कार्ल्याला जाल, पंढरपूरला जाल, रीत तीच. जाण्यापूर्वी मुलाच्या हातांना काही तरी करू द्या. थोडे पाहा आणि तेथे बसा. उत्तर देण्याची घाई करू नका. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानी पाहुण्यासारखे वागा आणि मुलांना ते पाहू द्या. मोडलेल्या गोष्टींविषयी खरे बोला. आणि मूल थकले तर लेणे सोडा, मुलाला खांद्यावर घ्या.

परतीच्या वाटेवर खुलताबादला भद्रा मारुतीचे दर्शन घेतले. निद्रिस्त मारुती पाहून दोन्ही मुले कुजबुजत बोलू लागली, त्याची झोप मोडू नये म्हणून. पुढे गाडीत मी जुनाच प्रश्न भीत भीत विचारला, "काय काय लक्षात राहिले?" उत्तर आले नाही. वळून पाहिले तर दोघेही मारुतीसारखीच झोपली होती. मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला, "बाबा, पुढच्या खेपेला अजिंठा. मात्र सोमवार सोडून. त्या दिवशी बंद असतं, मी बघून ठेवलंय."